गिअरबॉक्स इंजिनाले भिडून नाही राहिला? बोल्ट आवळू नको, आधी कन्वर्टर पाह्य

घाटंजीकडच्या एका पोरानं विचारलं आहे, स्वतःचं छोटं गॅरेज आहे त्याचं. गाडी २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा, २.८ ऑटोमॅटिक. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनाले भिडणारा पुढचा रुंद भाग) खालून तेल टपकून राहिलं होतं म्हणून त्यानं गिअरबॉक्स उतरवला, पंपाचं पुढचं सील बदललं, उतरवताना टॉर्क कन्वर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सले देणारा गोल डबा, मॅन्युअलमधल्या क्लचच्या जागी असते तो) निसटून हातात आला होता तो परत बसवला, अन् आता गिअरबॉक्स वर चढवला तं इंजिन अन् बेल हाउसिंगच्या मधात १२-१५ एमएम फट राहूनच राहिली. त्याचं म्हणणं, "भाऊ, लांब बोल्ट लावून चारही बाजूनं थोडं थोडं आवळत आणलं तं बसन का?"

नाही बसन बाबू. अन् बसलंच तं आतलं काहीतरी तोडून बसन. जे काही बोल्ट लावले असन ते आत्ताच ढिले कर, मंग पुढचं वाच.

मी पांढरकवड्याकडं, हैदराबाद रोडवर काम करतो, वीसच्या वर वर्षं झाली. आधी सारं मॅन्युअल गिअरबॉक्सचंच काम असे, क्लच प्लेट बदला, गिअरबॉक्स हलवत हलवत सरकवा, दोन बोल्ट धरून ओढून घ्या, झालं. आपल्या हाताले तीच सवय आहे अन् तीच सवय ऑटोमॅटिकमध्ये घात करते. मॅन्युअलमध्ये शेवटचे चार-पाच एमएम बोल्टानं ओढले तं पुष्कळदा चालून जाते (तेही करू नये, पण चालून जाते). ऑटोमॅटिकमध्ये मधात कन्वर्टर उभा असते, अन् तो पूर्ण मागं गेला नसन तं तू बोल्ट आवळून जे ओढून राहिला ते गिअरबॉक्स इंजिनाकडं नाही, तू कन्वर्टरले फ्लेक्स प्लेट (क्रँकले, म्हंजे इंजिनाच्या फिरत्या शाफ्टले लागलेली पातळ चकती, हिलेच कन्वर्टर बोल्टानं लागते) अन् तेलपंपाच्या मधात चेपून राहिला. एका बाजूनं क्रँक, दुसऱ्या बाजूनं पंपाचा गिअर, अन् मधात त्याची चटणी.

आता हे आतून कसं आहे ते समजून घे, मंग हाताले आपोआप कळन. कन्वर्टरच्या मागं जी जाड नळी निघते त्याले हब म्हणतात. त्या हबच्या टोकाले दोन खाचा असतात, काही गाड्यांत खाचांच्या जागी दोन चपट्या बाजू असतात. ह्या खाचा पंपाच्या आतल्या गिअरच्या कानात जाऊन बसतात. हे झालं बाहेरून पहिलं. हबच्या आत पाहिलं टॉर्च मारून तं दोन वेगवेगळे दाते दिसतात, एक जवळचे अन् एक खोलवरचे. जवळचे ते स्टेटरचे (कन्वर्टरमधला तेल वळवणारा पंखा), ते गिअरबॉक्समधून निघालेल्या स्थिर नळीवर बसतात, ती नळी फिरत नाही, पंपाच्या बॉडीलेच पक्की असते. खोलवरचे ते टर्बाइनचे (तेलाच्या जोरानं फिरणारा पंखा), ते इनपुट शाफ्टवर बसतात. म्हंजे एकाच वेळी तीन जागी तीन जोड जुळले पाहिजेत, अन् तिन्ही एकमेकाच्या पोटात आहेत, डोळ्यानं एकही दिसत नाही. आधी कोणता जुळते ते गाडीप्रमाणे बदलते, पण पंपाचा जोड बहुतेक सगळ्यात शेवटी जुळते, अन् माणूस तिथंच फसते, काहून की पहिले दोन बसले की कन्वर्टर चांगला घट्ट वाटते, हलवला तं हलत नाही, वाटते बसला. नाही बसला. तुझ्या १२-१५ एमएमवरून मले तं पंपाचाच जोड राहिलेला वाटून राहिला.

पंपाचा जोड इतका महत्त्वाचा काहून तेही सांगतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये सगळं काम तेलाच्या दाबावर चालते. क्लच तेलाच्या दाबानं लागतात, कन्वर्टर तेलानं भरलेला राहते, बेअरिंगले वंगण तेलानं मिळते, अन् हा दाब करणारा पंप फिरते कशानं तं कन्वर्टरच्या हबनं, म्हंजे इंजिन फिरलं तरच. इंजिन बंद तं पंप बंद. म्हणूनच मी सगळ्या गाडीवाल्यांले सांगत असतो की ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तं ट्रॅक्टरले दोर बांधून वीस-तीस किलोमीटर ओढत नेऊ नका. आपल्या इकडे हे सर्रास चालते, शेतातला ट्रॅक्टर हाताशी असते अन् उचलून नेणारी गाडी बोलवाले पैसे लागतात. पण मागची चाकं फिरून राहिली अन् इंजिन बंद आहे तं गिअरबॉक्स आतून कोरडा फिरून राहिला. माझ्याकडं अशा दोन गाड्या आल्या, दोन्हींचं बेअरिंग-बुश जळून निळं पडलं होतं. असो, आपल्या कामावर येतो.

मी हे शिकलो ते पुस्तकातून नाही. २०११ ची गोष्ट, एका कापूस व्यापाऱ्याची मोठी ऑटोमॅटिक गाडी होती, माझी पहिलीच. दिवसभर काम करून संध्याकाळी गिअरबॉक्स चढवला, सहा-सात एमएम फट राहिली, लाईट जायची वेळ झाली होती, मी अन् पोरानं दोन्हीकडून बोल्ट आवळले. आवळताना एकदा टक असा आवाज आला अन् फट मिटली. मले वाटलं दाता जुळला. तो दाता नव्हता जुळला, पंपाचा आतला गिअर फुटला होता. दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारला तं इंजिन जड फिरलं, चालू झालं तं खालून गुरगुर, अन् डी मध्ये टाका, आर मध्ये टाका, गाडी जागची हलत नाही. परत सगळं उतरवलं, गिअरचे दोन तुकडे, फ्लेक्स प्लेट वाकलेली. नागपूरले तीन चकरा मारून पंप मिळवला, पैसे माझ्या खिशातून गेले, अन् त्या माणसाच्या घरचं लग्न होतं, त्याले गाडी वेळेवर नाही देऊ शकलो, ते मले आजही लागते. फक्त एक वर्निअर (बारीक माप घेणारा कॅलिपर) अन् एक सरळ पट्टी लावून पाच मिनिटं मोजलं असतं तं हे काहीच झालं नसतं. म्हणून तुले एवढं लिहून राहिलो.

तं आता काम. गिअरबॉक्स खाली घे. खाली घेताना कन्वर्टर पुढं घसरून पडन ह्याची काळजी घे, तेलासकट १५-२० किलोच्या घरात वजन असते त्याचं अन् पायावर पडलं तं बोटं जातात. जॅक कशावर ठेवला आहे ते पाह्य. गॅरेजात फरशी किंवा काँक्रीट असन तं ठीक, पण आपली काळी माती असन तं जॅक एका बाजूनं खचते अन् गिअरबॉक्स तिरपा होते, तिरपा झाला की कन्वर्टर कधीच सरळ जात नाही अन् तू मात्र दाते शोधत बसते. खाली जाड लोखंडी पत्रा किंवा बैलगाडीच्या जुन्या फळ्या टाक. गाडी स्टँडवर पाहिजे, नुसत्या जॅकवर ठेवून खाली झोपू नको. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली पाहिजे, स्टार्टरची वायर तिथंच लोंबत असते.

कन्वर्टर बाहेर काढ. सरळ ओढ, तिरपा नको, सील नवीन टाकलं आहे तू. काढला की हब चिंधीनं पुसून बोट फिरव. जिथं सील चालते तिथं रेघ लागते का, खाच आहे का, गंज आहे का. बारीक असन तं खूप बारीक पॉलिश पेपरनं गोल गोल, लांबीत नको, अन् मंग सगळं पुसून घे. नखाले अडकते इतकी रेघ असन तं नवीन सीलही दोन महिन्यात गळन. कदाचित तुझं तेल मुळात त्याच्यानंच गळलं असन, सील बिचारं चांगलं होतं.

एक गोष्ट सांगतो जी आपल्या भागाले जास्त लागू आहे. जिनिंग जवळ असल्यामुळं आपल्या गॅरेजात कापसाचा वेस्ट पुसाले वापरतात. ऑटोमॅटिकच्या आतल्या कामाले तो वापरू नको. त्याचे धागे तेलासोबत व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब कुठं पाठवाचा ते ठरवणारा भाग) जातात, तिथल्या वाटा बारीक असतात, एक धागा व्हॉल्व्हले अडकवाले पुरे. जुनी धुतलेली सुती बनियान, जिचे धागे निघत नाहीत, ती चालते.

हबच्या खाचा पाह्य. तू आधीच बोल्ट आवळून पाहिले असन तं खाचांच्या कडांवर नवीन चकाकी दिसन, घासल्याची. तशीच चकाकी पंपाच्या गिअरच्या कानांवर आहे का ते टॉर्च मारून पाह्य. नुसती चकाकी असन तं चालन, पण कडा उखडली असन, बारीक तडा असन, किंवा तेलात चकचकीत कण असन तं पंप उघडून पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नको, मालकाले सांग अन् पंप उघड. इनपुट शाफ्टच्या टोकावर काही गाड्यांत छोटी ओ-रिंग किंवा सील रिंग असते, ती कापली गेली का पाह्य, ती गेली की लॉकअपचा (कन्वर्टरच्या आतली, इंजिन अन् गिअरबॉक्स थेट जोडणारी क्लच) त्रास होते अन् मंग माणूस सोलेनॉइड (तेलाची विजेवर चालणारी झडप) बदलत बसते.

आता हबमध्ये बोट घालून स्टेटरचे दाते फिरवून पाह्य. एका बाजूनं मोकळे फिरले पाहिजेत, दुसऱ्या बाजूनं अडले पाहिजेत, आत वन-वे क्लच असते. दोन्हीकडं मोकळे फिरले किंवा दोन्हीकडं जाम असन तं कन्वर्टरच गेला, बसवून उपयोग नाही. स्टेटरमुळंच गाडी उभ्यानं निघताना इंजिनाचा जोर वाढून मिळते, साधारण दुपटीच्या आसपास, अन् तो मोकळा झाला की गाडी उठतच नाही, मालक म्हणते पिकअप गेला.

कन्वर्टरमधलं जुनं तेल वासानं पाह्य. जळका वास अन् काळा गाळ असन तं कन्वर्टर आतून धुता येत नाही, तो वेल्ड करून बंद असते, डिझेल टाकून हलवून काढाची आयडिया करू नको, डिझेल आत राहते अन् नवीन तेल खराब करते. तुझं काम फक्त सीलचं होतं अन् तेल लाल, स्वच्छ असन तं चिंता नाही. बसवाच्या आधी त्यात एखादा लिटर नवीन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) हळूहळू टाक, कन्वर्टर उभा धरून हबमधून. जास्त नको, आडवा केला की सांडन. ह्यानं काय होते की पहिल्या स्टार्टले पंपाले लगेच तेल मिळते अन् पंप कोरडा घासत नाही. हबले अन् सीलच्या ओठाले एटीएफचं बोट फिरव. ग्रीस नको तिथं, एटीएफच.

आता बसवणं. जमन तं गिअरबॉक्स शेपटीवर उभा कर, बेल हाउसिंग आभाळाकडं. मी जुन्या टायरात उभा करतो, मागच्या बाजूले लाकडी ठोकळे लावतो जेणेकरून वजन आउटपुट शाफ्टवर नाही येत, बाकी हाउसिंगवर येते. मागून तेल निघन, शाफ्टच्या भोकात जुना योक (प्रोपेलर शाफ्टचं टोक) किंवा प्लास्टिक कोंब. उभा केल्याचा फायदा असा की कन्वर्टरचं वजन आपलं काम करते अन् हब तिरपा होत नाही. आडव्या गिअरबॉक्समध्ये कन्वर्टर आपल्या वजनानं खाली लोंबते, सीलचा खालचा ओठ चेपते अन् दाते जुळत नाहीत. उभा करता येत नसन, जागा नाही किंवा फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांले जोर वाटणारा डबा) लागला आहे, तं निदान बेल हाउसिंगची बाजू वर उचलून तिरपा ठेव.

बसवाच्या आधी एक खूण कर, ही माझी सवय आहे. कन्वर्टरच्या हबच्या दोन खाचा ज्या रेषेत आहेत त्या रेषेत कन्वर्टरच्या बाहेरच्या कडेवर पांढऱ्या पेंटनं दोन ठिपके दे. मंग पंपाच्या गिअरचे कान बोटानं फिरवून आडव्या रेषेत आण, नऊ वाजून पंधरा मिनिटं झाल्यावर घड्याळाचे काटे असतात तसे, अन् त्याच रेषेत बेल हाउसिंगच्या कडेवर ठिपके दे. बोट पुरत नसन तं लाकडी काडी घे, स्क्रू ड्रायव्हर नको, सीलचा ओठ कापला जाते. आता आत न दिसणारी गोष्ट तुले बाहेरून दिसते.

कन्वर्टर दोन्ही हातानं धरून सरळ खाली सोड. शाफ्टवर गेला की हळूहळू डावीकडं-उजवीकडं फिरव, थोडा दाब, जोर नाही. पहिल्या जोडले तो थोडा खाली बसते, हाताले धप्प जाणवते. परत फिरव, परत एक. आता ठिपके ठिपक्यांजवळ आण अन् तिथं दोन्हीकडं थोडं थोडं, इकून तिकून, चिमूटभर फिरव, कन्वर्टर किंचित उचल अन् सोड. तिसरा टप्पा आला की तो मोठा जाणवते, आवाजही वेगळा येते, भरीव ठक्क. नाही आला तं उचलून गिअरचे कान परत पाह्य, सीलमधून हब जाताना घर्षणानं कान सरकलेले असू शकतात. कधी कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. मी एकदा एका गाडीले दोन तास घातले, चहा पिऊन परत आलो तं दुसऱ्याच फिरवणीत बसला. हातोडी, सब्बल, पायानं दाबणं, वर बसणं, ह्यातलं काहीही नाही.

अन् ठक्क मोजू नको. सगळे सांगतात तीन ठक्क आले की बसला. दोन जोड एकाच वेळी जुळले तं दोनच येतात, अन् आधीच्यातला एखादा दोनदा जाणवला तं तीन येतात पण पंप राहिलेला असते. आवाजावर विश्वास ठेवून लय गिअरबॉक्स फुटले. माप घे.

माप असं. बेल हाउसिंगच्या तोंडावर, जिथं ते इंजिनाले भिडते त्या साफ केलेल्या तोंडावर, आडवी सरळ पट्टी ठेव. पट्टी खरंच सरळ पाहिजे, मी जुन्या अँगलची घासून घेतलेली ठेवली आहे. पट्टीपासून कन्वर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंत, म्हंजे ज्या उंचवट्यावर फ्लेक्स प्लेट येऊन भिडते तिथपर्यंत, वर्निअरच्या शेपटीनं खोली मोज. पट्टीची जाडी वजा कर, हे लोक विसरतात. दोन-तीन जागी मोज, सगळीकडं सारखं आलं पाहिजे, नाही आलं तं कन्वर्टर तिरपा आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ह्या खोलीचा आकडा दिलेला असते, तो मिळाला तं उत्तम.

मॅन्युअल नसन तं इंजिनाच्या बाजूनं मोज, ही गोष्ट मले कोणी सांगितली नाही, मोजत मोजत कळली. इंजिन ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून (मधात पत्र्याची प्लेट असते ती लावून) फ्लेक्स प्लेटचं कन्वर्टरले भिडणारं तोंड किती बाहेर आलं आहे ते मोज. उदाहरणाले धर की ते १४ एमएम बाहेर आहे. अन् गिअरबॉक्सच्या बाजूनं कन्वर्टरची खोली आली १८. म्हंजे दोन्ही भिडल्यावर मधात ४ एमएम मोकळी जागा राहीन. हे बरोबर आहे, बऱ्याच गाड्यांत ३ ते ५ एमएमच्या आसपास असते, नेमका आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलचा. पण खोली आली ६ किंवा ७, तं कन्वर्टर अकरा-बारा एमएम पुढंच राहिला, पंपात गेलाच नाही, अन् दोन्ही तोंडांत सात-आठ एमएम फट राहीन, तुझी फट तिथून येते. खोली १८ च्या जागी २६ आली तं तीही गडबड आहे, कन्वर्टर चुकीचा असन. (१४ अन् १८ हे समजवाले घेतलेले आकडे आहेत, क्रिस्टाचे नाहीत, तुझे तू मोज.)

माप बरोबर आलं की कन्वर्टर तसाच राहिला पाहिजे. पंपाच्या कानात तो फक्त काही एमएम गेलेला असते, गिअरबॉक्स आडवा करताना, उचलताना थोडा पुढं सरकला की तिसरा जोड सुटला, अन् तुले पत्ताही नाही लागत. बहुतेक तुझं पहिल्यांदा असंच झालं असन, बसवला बरोबर अन् उचलताना सुटला. म्हणून बेल हाउसिंगच्या दोन बोल्टच्या भोकातून एक चपटी लोखंडी पट्टी आडवी बांध, कन्वर्टरले अडवणारी. तार चालते पण पट्टी बरी. गिअरबॉक्स उचलताना नाक, म्हंजे बेल हाउसिंगची बाजू, थोडं वरच ठेव. इंजिनाजवळ दोन-तीन इंचावर आला की पट्टी काढ, अन् काढल्यावर हातानं कन्वर्टर परत एकदा मागं दाबून पाह्य.

इंजिनाची बाजू आधीच पाहून ठेव. फ्लेक्स प्लेटले क्रँकच्या बोल्टांच्या भोवती तडे जातात, बारीक, केसासारखे, पुसून टॉर्च तिरपी मारून पाह्य. तू आवळून पाहिलं असन तं वाकली का तेही पाह्य, क्रँक फिरवत एका जागी खिळा धरून, खिळा अन् प्लेटमधली फट सगळीकडं सारखी राहते का. दोन्ही डॉवेल पिन (गिअरबॉक्स इंजिनावर नेमका मध्यावर आणणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का? ब्लॉकमध्ये आहेत की गिअरबॉक्ससोबत निघून आल्या की कुठं मातीत पडल्या? डॉवेल नसली तं बोल्टनं गिअरबॉक्स बसते पण मध्यावर नाही बसत, अन् मंग पंपाचं बुश अन् सील काही हजार किलोमीटरमध्ये खाते. ह्याच्यात माणूस सीलले शिव्या देते. क्रँकच्या मधल्या भोकात कन्वर्टरची नाभी जाते, ते भोक गंजलेलं असते, साफ कर अन् बोटाएवढं ग्रीस लाव, इथं ग्रीस चालते. वायरिंग अन् ब्रीदरचा पाईप वर बांधून ठेव, ते मधात चेपले जातात.

मंग सरकव. डॉवेलवर दोन्ही तोंडं हातानं भिडली पाहिजेत. हलवून, जॅक वर-खाली करून, तिरपं सरळ करून, पण हातानं. बोल्ट धरून ठेवाले असतात, ओढाले नाहीत. एक-दोन एमएम डॉवेलच्या घट्टपणामुळं राहिलं तं समोरासमोरचे बोल्ट बोटानं लावून हलकेच जवळ आण, अन् त्यावेळी पोराले खालून कन्वर्टरवर हात ठेवाले सांग. कन्वर्टर मोकळा फिरून राहिला तं ठीक. जड झाला, अडला, तं थांब, परत मागं घे. सगळे बोल्ट लागल्यावरही स्टार्टरच्या भोकातून किंवा खालच्या झाकणातून कन्वर्टर फिरवून पाह्य, हातानं फिरला पाहिजे अन् पुढं-मागं थोडा हलला पाहिजे, ती जी ४ एमएम म्हटली तीच जागा. ही जागा नसन तं बाकी सगळं छान दिसत असलं तरी स्टार्टर मारू नको.

आता कन्वर्टर पुढं ओढून फ्लेक्स प्लेटले भिडव, भोकं जुळव. उतरवताना खूण केली असन तं तीच भोकं समोरासमोर आण. टोयोटाच्या काही गाड्यांत एक बोल्ट वेगळ्या रंगाचा असते, तो आधी लावाचा असते, त्यानं बाकीची भोकं बरोबर येतात. सगळे बोल्ट आधी बोटानं लाव, एकही पान्यानं नको, मंग क्रँक पुलीच्या बोल्टले गोटी पाना लावून इंजिन फिरवत एकेक आवळ, इंजिन ज्या बाजूनं फिरते त्याच बाजूनं. शेवटी टॉर्क रेंच, मॅन्युअलच्या आकड्यावर. अन् बोल्ट तेच वापर जे निघाले होते. एखादा हरवला म्हणून डब्यातला लांब बोल्ट लावला तं तो कन्वर्टरच्या पुढच्या पत्र्याले आतून फुगवटा आणते, त्याच्याच मागं लॉकअपची क्लच प्लेट घासते, अन् महिनाभरानं गाडी ६०-७० च्या स्पीडले थरथरते. ते शोधता शोधता आयुष्य जाते.

तेल भरणं. स्टार्ट कराच्या आधी जेवढं निघालं अंदाजानं तेवढं भर, तेल तेच जे कंपनीनं सांगितलं, क्रिस्टाले टोयोटाचं डब्ल्यूएस एटीएफ. चालू केल्यावर दहा सेकंद फक्त कान दे. गुरगुर, घासल्याचा आवाज आला की बंद. नाही आला तं ब्रेक दाबून पी, आर, एन, डी, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद, दोन-तीनदा. क्रिस्टाले तेलाची दांडी नाही, खालचा ओव्हरफ्लो प्लग उघडून, इंजिन आयडलवर ठेवून, ठरलेल्या तेल-तापमानाले पाहावं लागते. स्कॅनर लावून तेलाचं तापमान पाह्य. ही रेंज बऱ्याच गाड्यांत ४० च्या आसपास असते, गाडीप्रमाणे फरक पडते, अन् आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५ असते, टिनाच्या शेडमध्ये दुपारी गाडी चालू कराच्या आधीच तेल त्या रेंजच्या वर गेलेलं असते. गरम तेल फुगते, प्लगमधून जास्त निघून जाते, अन् तू समजते लेव्हल बरोबर, खरं तं कमी पडलं. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाले कर, रात्रभर गाडी उभी राहू दे. मी एप्रिल ते जून दुपारी लेव्हल पाहतच नाही, मालक कितीही घाई करो.

एक छोटी गोष्ट, काहून की आपल्याकडं सगळ्यांलेच ऑटोमॅटिक म्हणतात. वॅगनआर, स्विफ्टमधल्या एजीएस म्हंजे एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच अन् गिअर मशीन आपोआप बदलते) गाड्यांत कन्वर्टर नसते, तिथं साधी क्लच प्लेटच असते अन् ती मध्यावर आणाले वेगळा डमी शाफ्ट लागते. वर लिहिलेलं त्यांले लागू नाही.

तुझ्यासाठी आजचं काम एवढंच, गिअरबॉक्स खाली घे, कन्वर्टर काढ, पंपाचे कान अन् हबच्या खाचा यांचे टॉर्चच्या उजेडात फोटो काढ, मंग बसवून दोन्ही मापं घे, गिअरबॉक्सच्या बाजूची खोली अन् इंजिनाच्या बाजूची उंची, पट्टीची जाडी वजा करून. दोन्ही आकडे अन् फोटो मले पाठव. मी पाहून सांगेपर्यंत गिअरबॉक्स वर चढवू नको, मालकाले सांग परवा गाडी भेटन.